सॅक्सनीचा ड्यूक हेन्री 'सिंह' व गेल्नहाउझेनची सनद

सॅक्सनी व बव्हेरिया या दोन्ही डचींचा धनी हेन्री, उपनांव 'सिंह', याच्या पतनाविषयीं एक कथा सर्वतोमुखी आहे. इ. स. ११७६ च्या आरंभीं बादशहा फ्रेडरिक बार्बारोसा यानें लोंबार्डीच्या शहरांविरुद्ध फौजेची मदत मागण्यासाठीं कियावेन्ना येथें हेन्रीची भेट घेतली. बादशहा हा हेन्रीचा आतेभाऊ. तरी तो त्याच्यापुढें गुडघे टेकण्यापर्यंत गेला. हेन्रीनें मोबदल्यांत गोस्लार मागितलें व सौदा फिसकटला. मे महिन्यांत लेन्यानो येथें बादशहाचा मोड झाला आणि त्याचा सूड त्यानें पुढें उगविला. कथा चटकदार खरी. पण ती सांगणारे सेंट ब्लाझियेनचा ओटो व ल्यूबेकचा आर्नोल्ड हे प्रसंगानंतर तीसएक वर्षांनीं लिहीत होते. बखरीची गोडी निराळी, अस्सलाचा आधार निराळा.

अस्सल म्हणजे ता. १३ एप्रिल ११८० ची गेल्नहाउझेनची सनद. तींत कियावेन्नाचें नांवही नाहीं. हेन्रीनें देवस्थानांचें व उमरावांचें स्वातंत्र्य दडपलें, त्यांच्या मिळकती बळकावल्या, सरंजामी कायद्याप्रमाणें तीनदां बोलावूनही तो हजर झाला नाहीं, सबब वुर्त्सबुर्गच्या सभेंत त्याचे सर्व सरंजाम खालसा झाले, असें ती सांगते. नंतर सॅक्सनीची वांटणी : कोलोन व पाडेरबोर्न या धर्मप्रांतांतील मुलूख कोलोनचा आर्चबिशप फिलिप यास, बाकीचा आनहाल्टच्या बर्नहार्डास. फिलिप हा हेन्रीचा जुना वैरी, व सनद त्याच्याच नांवची. तेव्हां तीही निःपक्षपाती साक्ष नव्हे. तिच्या मौनावरून कियावेन्नाची भेट खोटी ठरत नाहीं. मात्र पतनाचें कायदेशीर कारण म्हणून ती भेट पुढें करतां येत नाहीं.

आरोप तरी कितपत खरे? म्यूनिकचें प्रकरण येथें बोलकें आहे. फ्रायझिंगच्या बिशपाचा फ्योरिंग येथील पूल, बाजार व टांकसाळ मोडून हेन्रीनें तो व्यापार म्यूनिककडे वळविला. ता. १४ जून ११५८ रोजीं आउग्सबुर्ग येथें बादशहानें या व्यवस्थेस मान्यता देऊन बिशपास उत्पन्नाचा तिसरा हिस्सा ठरवून दिला. त्या पत्रांत मोडतोडीचा उच्चार नाहीं. ता. १३ जुलै ११८० रोजीं त्याच बादशहानें रेगेन्सबुर्ग येथें ती व्यवस्था रद्द केली, आणि आतां मात्र पूल मोडल्याचें स्पष्ट लिहिलें! कृत्य एकच, मोहोर एकाच बादशहाची. बावीस वर्षांत बदललें तें हेन्रीचें दरबारांतील वजन. बाजार म्यूनिकलाच राहिला, हें निराळें सांगणें नको.

सप्टेंबर ११८० त बव्हेरिया विटेल्सबाखच्या ओटोस मिळाली व १९१८ पर्यंत त्याच्याच घराण्यांत राहिली. नोव्हेंबर ११८१ त हेन्री एर्फुर्ट येथें शरण आला आणि पुढील वर्षीं सासरा, इंग्लंडचा दुसरा हेन्री, याच्या आश्रयास गेला. ब्राउन्श्वाइग व ल्यूनेबुर्ग एवढी घरची मिळकत उरली. ता. ६ ऑगस्ट ११९५ रोजीं तो ब्राउन्श्वाइग येथें मरण पावला.

हेन्रीची बाजू सांगणारें एक साधन हस्तलिखितसंग्राहकांच्या विशेष आवडीचें आहे. हेल्मार्सहाउझेनच्या मठांत हेरिमान नांवाच्या साधूनें त्याच्यासाठीं सिद्ध केलेली ही २२६ पत्रांची शुभवर्तमानाची पोथी. तींतील एका चित्रांत हेन्री व त्याची पत्नी मॅटिल्डा यांच्या मस्तकीं स्वर्गांतून आलेले हात मुकुट ठेवीत आहेत. कांहीं पंडित पोथीचा काल ११७५ च्या सुमाराचा धरतात, कांहीं ११८८ चा. पहिला खरा असल्यास चित्र ऐन वैभवांतलें ठरतें. दुसरा खरा असल्यास सर्वस्व गेलेल्या माणसाचें. १९८३ त लंडनच्या लिलावांत ही पोथी सुमारें सव्वातीन कोटी मार्कांस विकली गेली व वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयांत आली. खरेदीदारांत बव्हेरियाचें सरकारही भागीदार होतें.