थर्मल पेस्टचा छोटासा इतिहास आणि माझे खोटे निघालेले १८ टक्के

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातात एक झकास निकाल होता. जुन्या पद्धतीपेक्षा माझी पद्धत १८ टक्के वेगवान! तीसवेळा चालवून बघितलं, तीसही वेळा तेच. एका परिषदेला सारांश पाठवला, तो स्वीकारलाही गेला. मग एके दिवशी ज्युनिअरने सहज म्हणून स्क्रिप्टमधला क्रम उलटा केला. आधी जुनी पद्धत, मग माझी. आणि काय? जुनी पद्धत वेगवान निघाली.

तुमच्यापैकी जे यंदा पेटची तयारी करताय, विषय ठरवताय, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. दिसायला तो प्रोसेसरवर लावायच्या करड्या पेस्टबद्दल आहे. पण शेवटपर्यंत वाचा, मुद्दा तुमच्या प्रयोगाचा आहे.

सपाट दिसतं ते सपाट नसतं

प्रोसेसरचं झाकण आणि त्यावरचा हीटसिंक, दोन्ही धातूचे, दोन्ही गुळगुळीत. मग मध्ये पेस्ट कशाला? कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग म्हणजे डोंगरदऱ्या. एकावर एक ठेवले की फक्त शिखरं टेकतात, बाकी सगळीकडे हवा. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, हवेची ०.०२६. म्हणजे जवळजवळ पंधरा हजार पट फरक. पेस्टचं काम एवढंच, की या दऱ्यांमधली हवा हाकलायची.

आता छोटं गणित करू. घाबरू नका, नववीतलं आहे. थराचा रोध म्हणजे जाडी भागिले (वाहकता गुणिले क्षेत्रफळ). समजा चिप २ चौरस सेंटीमीटर, उष्णता १०० वॅट, पेस्टचा थर ५० मायक्रॉन आणि तिची वाहकता ५. तर त्या थरात तापमान ५ अंशांनी चढतं. तोच थर २०० मायक्रॉनचा झाला तर २० अंशांनी. आणि ५० मायक्रॉनची नुसती हवा असेल तर उत्तर येतं ९६० अंश, म्हणजे चिप त्याआधीच गेलेली असणार.

या सूत्रात एक गोष्ट लपली आहे ती लक्षात ठेवा. वाहकता दुप्पट केली काय आणि जाडी निम्मी केली काय, फायदा सारखाच. पाकिटावर मात्र फक्त वाहकता छापलेली असते.

रेडिओपासून मेनफ्रेमपर्यंत

ही पेस्ट संगणकासाठी जन्मली असं वाटतं ना? तसं नाही. १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. पुढे मोठा प्रवाह पेलणारे पॉवर ट्रान्झिस्टर आले, तेव्हा त्यांना धातूच्या पत्र्यावर स्क्रूने आवळावं लागे. मध्ये अभ्रकाची चकती, म्हणजे वीज जाऊ नये. आणि चकतीच्या दोन्ही बाजूंना पांढरं ग्रीस, म्हणजे उष्णता जावी. सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइडची पूड, एवढाच तो मामला. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कुणाकडेही गेलात तर त्या पांढऱ्या ग्रीसची ट्यूब आजही दिसेल.

१९६५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात गॉर्डन मूर यांनी एका चिपवर हजारो घटक बसवले तर उष्णतेचं काय, हा प्रश्न स्वतःच विचारला होता आणि तो सुटेल असं उत्तरही दिलं होतं. पण मोठ्या यंत्रांना तो लवकरच भिडला. १९८० मध्ये आयबीएमने ३०८१ हा मेनफ्रेम जाहीर केला. त्यात एकेका मॉड्यूलमध्ये शंभरच्या आसपास चिप्स. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक छोटा दट्ट्या, वरून थंड पाणी, आणि मधल्या फटींमध्ये हवेऐवजी हेलियम वायू. हेलियमची वाहकता हवेच्या साधारण सहा पट. बघा, प्रश्न तोच, दऱ्यांमधल्या हवेचं काय करायचं. उत्तर फक्त वेगळं.

घरच्या संगणकांना मात्र बराच काळ याची गरजच पडली नाही. १९७८ चा ८०८६ उघडाच चालायचा. १९९० च्या दशकात, ४८६ च्या वेगवान आवृत्त्या आणि १९९३ चा पेंटियम आल्यावर हीटसिंक आणि पंखा नेहमीचे झाले. २००४ पर्यंत पेंटियम ४ च्या काही आवृत्त्या ११५ वॅटपर्यंत पोचल्या होत्या. त्याच वर्षी इंटेलने त्या मालिकेतली पुढची चिप, तेजस, रद्द केली आणि सगळा उद्योग एकाच गाभ्याचा वेग वाढवण्याऐवजी अनेक गाभ्यांकडे वळला.

चिप जळायची थांबली

या इतिहासातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं वळण इथे आहे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक चाचणी चित्रित केली. चालू संगणकाचा हीटसिंक काढून घेतला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. पेंटियम ४ मात्र मंदावला आणि चालत राहिला, कारण तापमान वाढलं की स्वतःचा वेग कमी करण्याची सोय त्यात होती.

वापरणाऱ्यासाठी ही मोठीच सोय, आणि आज ती जवळपास सगळ्या प्रोसेसरमध्ये आहे. पण संशोधकाच्या बाजूने विचार करा. आधी पेस्ट नीट नसेल तर धूर निघायचा, तुम्हाला कळायचं. आता काहीच कळत नाही. कार्यक्रम चालतो, उत्तर बरोबर येतं, फक्त वेळ चुकीची मोजली जाते. माझा विषयच वेळ मोजण्याचा होता!

आयव्ही ब्रिजचा खटला

आता एक खरं प्रकरण, जे मी संशोधनपद्धतीच्या वर्गात शिकवायला हवं असं म्हणते. २०११ च्या इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरमध्ये चिप आणि झाकण सोल्डरने जोडलेले होते. २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये सोल्डरच्या जागी पेस्ट आली. वीज कमी खाणारी चिप, तरी ओव्हरक्लॉक केल्यावर जास्त तापायची. लोक चिडले. झाकण उघडून स्वतःची पेस्ट भरली तर तापमान बरंच उतरायचं. निष्कर्ष तयार: इंटेलची पेस्ट वाईट.

थांबा. किती गोष्टी बदलल्या ते मोजा. एक, चिपच लहान झाली होती: चार गाभ्यांच्या सँडी ब्रिजची २१६ चौरस मिलिमीटर आणि ९५ वॅट, आयव्ही ब्रिजची १६० चौरस मिलिमीटर आणि ७७ वॅट. भागून बघा, दर चौरस मिलिमीटरला उष्णता कमी नाही, उलट थोडी जास्तच. दोन, सोल्डर गेलं, पेस्ट आली. तीन, झाकण उघडताना कडेचा काळा गोंद खरवडला जायचा, त्यामुळे झाकण आणखी खाली बसायचं आणि मधला थर पातळ व्हायचा. काही हौशी लोकांनी पेस्ट आणि फट या दोन गोष्टी वेगळ्या करून मोजल्या, तेव्हा झाकण उघडल्याने होणाऱ्या फायद्यातला बराच वाटा पातळ झालेल्या फटीचा निघाला. वर केलेलं गणित आठवलं? पाकिटावर न छापलेली जाडी ती हीच. पुढे २०१८ मध्ये इंटेलने आपल्या वरच्या प्रोसेसरमध्ये पुन्हा सोल्डर आणलं.

मग घ्यायची कोणती, लावायची कशी?

साधी, वीज न वाहणारी, नावाजलेली पेस्ट पुरे. पाकिटावरच्या ८ आणि १२ च्या आकड्यांवर जीव टाकू नका. द्रवधातूच्या वाटेला नीट विचार करूनच जा. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तो वापरलाय खरा, पण गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरतो आणि सांडला तर शॉर्टसर्किट.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसा. मध्यभागी वाटाण्याएवढा गोळा ठेवा. झाकण लांबरुंद असेल तर फुलीसारख्या रेघा, म्हणजे कोपरे कोरडे राहत नाहीत. बोटाने सारवू नका, दाबानेच ती पसरते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. आणि एकदा टेकवलेला हीटसिंक उचलून परत ठेवू नका, आत हवा अडकते. उचललाच तर पुसून पहिल्यापासून.

माझ्या १८ टक्क्यांचं काय झालं

आमच्या यंत्रावरची पेस्ट कित्येक वर्षांची, वाळून भेगाळलेली. सतत तापून-निवून ती अशीच मधून सरकते आणि कोरडी पडते. सुरुवातीची सहा-सात मिनिटं प्रोसेसर पूर्ण वेगाने चालायचा, मग मंदावायचा. माझी पद्धत स्क्रिप्टमध्ये कायम पहिली. तीसवेळा मोजलं म्हणजे तीच चूक तीसवेळा केली.

लॅबमधल्या काकांनी हीटसिंक काढला, पेस्ट बदलली. त्यानंतर, क्रम प्रत्येकवेळी चिठ्ठी टाकल्यासारखा बदलून मोजलं. फरक उरला ३ टक्के. मी सरांकडे गेले. घसा कोरडा पडला होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "सारांश मागे घे. आजच मेल कर." मग थोड्या वेळाने, "आणि पेस्टमुळेच झालं असं कुठे लिहू नकोस हं. काकांनी धूळ पण झाडली ना?"

झाडली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. आयव्ही ब्रिजवाल्यांना हसणारी मी, तेच करून बसले होते.

तेव्हा प्रयोग सुरू करण्याआधी एक करा. जे मोजताय त्याच्या शेजारी तापमान आणि प्रोसेसरचा वेग, हे दोन रकाने दर धावेला आपोआप नोंदले जातील अशी सोय करा. दहा ओळींचा कोड आहे. माझ्याकडे तो पहिल्या दिवशी असता, तर सहाव्या मिनिटाला कळलं असतं. मला कळायला चार महिने लागले.