खांडववनातला मय

असुर कोण होते, हा प्रश्न आपल्या चळवळीत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देवासुरांच्या युद्धवर्णनांत शोधण्यापूर्वी महाभारताच्या आदिपर्वातील एक प्रकरण नीट वाचावे. ते खांडववनाच्या दहनाचे.

यमुनेजवळचे हे वन भुकेल्या अग्नीला हवे असते. तिथे राहणाऱ्यांनी कोणता गुन्हा केला होता? ग्रंथ एकही सांगत नाही. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंनी उभे राहतात आणि आगीतून बाहेर पळणाऱ्यांना मारतात. तक्षक नाग कुरुक्षेत्री गेलेला असतो म्हणून वाचतो. त्याची बायको मुलाला वाचवताना मारली जाते. आगीतून सुटतात ते सहाच जीव : तक्षकाचा मुलगा अश्वसेन, शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले आणि मय दानव.

हा मय दानवांचा स्थपती. अर्जुनाने अभय दिले म्हणून तो उपकार फेडू पाहतो. कृष्णाच्या सांगण्यावरून तो चौदा महिने खपून युधिष्ठिरासाठी सभा उभारतो. तिची राखण करायला आठ हजार राक्षस नेमलेले आहेत. वर मयच भीमाला गदा आणि अर्जुनाला शंख देतो. वन जळाले त्याचे, कसब त्याचे, पहारा राक्षसांचा. वैभव मात्र पांडवांचे! इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या दहनातील क्रौर्यावर नेमके बोट ठेवले आहे. पण आपल्या कीर्तनांत नि पाठ्यपुस्तकांत मयसभा येते ती दुर्योधनाच्या फजितीपुरती.

‘असुर’ हा शब्दही तपासावा. ऋग्वेदात वरुण, इंद्र, अग्नी यांनाही तो गौरवाने लावलेला आहे. पुढे तो निंदेचा झाला. इराणात उलट घडले : अहुर पूज्य ठरला, दएव दुष्ट. म्हणजे असुर ही जात नव्हे. तो एका पक्षाने दुसऱ्यावर दिलेला निकाल आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हा निकाल उलटवला. बळी हा रयतेचा राजा आणि अवतार ही आक्रमणे, असे त्यांनी मांडले. बाबासाहेबांनी मात्र १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धान्तच नाकारला. हा विरोध लपवण्याचे कारण नाही. फुल्यांनी कथा कोणाच्या बाजूने वाचावी हे शिकवले. बाबासाहेबांनी रक्ताच्या आधारावर इतिहास उभारू नये हे शिकवले. आपल्याला दोन्ही शिकवणी लागतात.

म्हणून आम्ही मयाचे वंशज आहोत, असे सिद्ध करण्याची गरज नाही. खांडवदहनाची तारीखही कोणी देऊ शकणार नाही. परंतु शतकानुशतके हा ग्रंथ घडवणाऱ्यांना वन जाळणे, तिथल्यांना मारणे आणि उरलेल्या कारागिराकडून महाल बांधून घेणे यात काही वावगे वाटले नाही, ही नोंद खुद्द ग्रंथातच आहे. हा इतिहास आहे. तो वाचायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मूळ पोथी उघडली की पुरे.

सभा पुरी होते, युधिष्ठिर तिच्यात प्रवेश करतो आणि कथा राजसूय यज्ञाकडे वळते. ज्याचे वन जळाले तो मय पुढे कुठे राहिला, हे विचारण्याचे काम वाचकांकडे उरते.