झेनोफोनचे दोन लगाम

घोडा स्वाराचें ऐकतो तें बळानें कीं समजुतीनें? इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अथेन्सच्या झेनोफोनानें अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत लगामाच्या निवडीसंबंधीं केलेल्या विवेचनांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. त्या काळीं ग्रीक स्वारास ना जीन, ना रिकीब. घोड्याच्या पाठीवर फार तर एक कापड. रणांगणांत घोडा अनावर झाल्यास स्वाराचे प्राण मांडीची पकड आणि हातांतील लगाम यांवरच अवलंबून असत.

झेनोफोनाच्या मतें लगाम निदान दोन असावेत. एक गुळगुळीत, दुसरा कांटेरी. कांटेरी लोखंड दातांत धरलें कीं टोंचतें, म्हणून घोडा तें सोडण्यास शिकतो. मग गुळगुळीत लगाम त्यास सुखाचा वाटतो व शिकलेलें तो आपखुषीनें करतो. तथापि दोन्ही लगाम लवचिक हवेत. ताठ दांडी कोठेंहि पकडली तरी सबंध जबड्यांत अडकते. सांध्यांची दांडी मात्र सांखळीप्रमाणें लोंबते. घोडा निसटत्या भागाच्या मागें लागतो आणि धरलेला भाग सोडतो.

स्वाराचा हातहि तसाच हवा. लगाम फार ओढला तर घोडा मान उडवितो, फार हलका धरला तर त्यास कांहींच कळत नाहीं. त्यानें मान उचलून आज्ञा मानली कीं लगाम तत्काळ सैल करावा. सक्तीनें करविलेली गोष्ट घोड्यास उमगत नाहीं व शोभतहि नाहीं, असें त्याचें मत होतें. कांट्यांची गरज पुढें उरूं नये, एवढ्याचसाठीं त्यानें ते सांगितले.