गर्दीखालची धूळ

१८७८ साली मनमाडचा लोहमार्ग येऊन मिळाला आणि दौंड जंक्शन झाले. तेथे गाडी लागली की दारात झुंबड उडते. शिरूरच्या एसटीला रेटारेटी होते, तर रांजणगावच्या महागणपतीपुढे चतुर्थीला रीघ लागते. झुंबडीत घाई आहे, रेटारेटीत बळ आहे, रिघेत भाव आहे. या साऱ्यांना पोटात घेणारा शब्द मात्र एकच, गर्दी.

हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. जुन्या मराठीत गर्दी म्हणजे दंगल, कापाकापी. ‘गर्दीस मिळणे’ म्हणजे धुळीस मिळणे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्या संहाराला लोक ‘भाऊगर्दी’ म्हणू लागले. भाऊंच्या बाजूने लढलेला तोफखान्याचा इब्राहिमखान गारदी शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्याच्या नावातला ‘गारदी’ निराळा, तो कवायती पायदळाचा. पण भाऊगर्दीत तोही आहेच.

आज तिकिटासाठी इच्छुकांची भाऊगर्दी झाली, असे आपण हसत म्हणतो.

‘तोबा गर्दी’तली तोबा अरबी. तिचा मूळ अर्थ पश्चात्ताप, पापापासून माघारी फिरणे. नमाजानंतरच्या दुआतली ही तोबा एसटीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिला कुणी जात विचारली नाही, की गाव विचारले नाही. थोडे सरकून सगळ्यांनी जागा दिली.

भाषेला हे जमते. पुढच्या वेळी ‘भाऊगर्दी’ वाचाल, तेव्हा त्या शब्दाखाली पडलेली माणसे क्षणभर आठवा. त्यांत सगळे होते.