रीफ टँकमधलं शेवाळ जातच नाहीये? औषध टाकण्याआधी ते नेमकं कोणतं आहे ते ओळखा

खाऱ्या पाण्याचा रीफ टँक म्हणजे घरातला छोटासा समुद्रच. मासे, कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ, सगळे एकाच काचेच्या पेटीत. हौस महागडी आहे. त्यामुळे खडकावर हिरवं किंवा वाळूवर तपकिरी काही दिसलं की अनेकजण घाबरून शेवाळ मारायची बाटली आणतात. गडबड इथेच होते. गोड्या पाण्याच्या टँकसाठी मिळणाऱ्या अशा अनेक औषधांत तांबं असतं. तांब्याचा थोडासा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांचा जीव घेऊ शकतो.

शेवाळ येतं कशामुळे?

शेवाळाला वाढायला उजेड आणि खत लागतं. टँकमधलं खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि नळाचं पाणी यांतून ते जमा होतं.

पण सगळंच शेवाळ वाईट नसतं. अनेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याने बनवलेल्या अन्नावरच ते प्रवाळ जगतात. खडकावरचा कडक गुलाबी-जांभळा थर म्हणजे कोरलाइन शैवाल. हा थर चांगला असतो, तो खरवडू नका.

कोणतं शेवाळ कसं ओळखायचं?

१. तपकिरी भुकटी : नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर दिसते. हे डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपलं की बहुतेक वेळा आपोआप जातात.

२. हिरवे केस : खडकावर वाढणारे लांब धागे. कारण जास्तीचं खत. आधी हाताने उपटा, मग खाणं कमी करा. टर्बो गोगलगायी उरलेलं खातात.

३. लाल-जांभळी साय : वाळूवर पसरलेला, ओढला की पापुद्र्यासारखा निघणारा थर. हे शेवाळ नाहीच, तर सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. पाणी जिथे कमी फिरतं तिथे ते जास्त होतात. थर नळीने ओढून काढा आणि पंपाची दिशा बदला.

४. हिरवे चकचकीत मणी : हे व्हॅलोनिया. यातला एकेक मणी म्हणजे एकच पेशी असते. मणी न फोडता, मुळापासून सोडवून टँकबाहेर काढा.

५. तपकिरी शेंबूड : चिकट तारा आणि त्यांत अडकलेले बुडबुडे. दिवसा वाढतो, रात्री कमी होतो. हे डायनोफ्लॅजलेट्स. यांच्या काही जाती विषारी असतात, त्या खाऊन गोगलगायी मरतात.

डायनोची गंमत उलटी का?

बाकी शेवाळावर उपाय म्हणजे खत कमी करणं. डायनो मात्र अनेकदा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आल्यावरच डोकं वर काढतात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारं दुसरं काही उरलेलं नसतं. अशा वेळी सारखं पाणी बदललं तर त्रास वाढू शकतो. इथे नायट्रेट आणि फॉस्फेट थोडं वाढवावं लागतं.

शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. थोडा तपकिरी गाळ टँकच्याच पाण्यासोबत बाटलीत घ्या, जोरात हलवा आणि टिश्यू पेपरमधून गाळा. गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तारा आणि गोळे जमले तर डायनो असण्याची दाट शक्यता.

मग रोज काय करायचं?

- टँकमध्ये नळाचं पाणी घालू नका. आरओ-डीआय यंत्राचं, टीडीएस शून्य असलेलं पाणी वापरा.
- आठवड्याला साधारण १० टक्के पाणी बदला (डायनो असतील तर थांबा).
- मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं द्या.
- दिवे ८ ते १० तासांपेक्षा जास्त ठेवू नका.
- नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम हा अनेक हौशी लोक पाळतात तो अंदाज. आकडे एकदम खाली आणू नका, अचानक बदलाचा प्रवाळांना धक्का बसतो.
- किनाऱ्यावरून गोगलगायी किंवा प्रवाळाचे तुकडे आणू नका. त्यांच्यासोबत रोग येतात. शिवाय भारतात प्रवाळांना आणि काही शंखांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे.

हे सगळं करूनही शेवाळ दोन दिवसांत जात नाही, काही आठवडे लागतात. तोवर दर आठवड्याला टेस्ट किटने पाणी तपासा आणि आकडे लिहून ठेवा. पुढचा उपाय त्या आकड्यांवरून ठरवा.