इतिहासाचे आधार आणि तळटिपा

इतिहासाच्या एखाद्या ग्रंथाचें पान उघडलें म्हणजे वरच्या भागांत कथा आणि खालच्या भागांत बारीक टाइपाच्या चार-दोन ओळी दिसतात. त्या ओळींत कांहीं नांवें, कांहीं आंकडे व कांहीं संक्षिप्त अक्षरें असतात. सामान्य वाचकाची दृष्टि तेथपर्यंत क्वचितच उतरते. किंबहुना ती विद्वत्तेची सजावट आहे, असाच पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ग्रंथकाराची कसोटी त्या खालच्या ओळींतच लागते. काय घडलें हें तो वर सांगतो. तें आपणांस कशावरून कळलें हें तो खालीं सांगतो. ही शिस्त महाराष्ट्रांत कशी रुजली, तो इतिहास स्वतःच मोठा बोधप्रद आहे.

आधार सांगण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. धर्मशास्त्रावरील निबंधकार आपल्या म्हणण्यापुढें ‘इति मनुः’, ‘इति याज्ञवल्क्यः’ असें लिहीत. अध्ययन करणाऱ्यास मूळ ग्रंथ बहुधा मुखोद्गत असल्यामुळें नुसत्या नांवानें भागत असे. छपाईच्या युगांत वाचक अनोळखी व दूरचा झाला, आणि त्याला अधिक नेमका पत्ता देणें प्राप्त झालें. गिबननें रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड इ. स. १७७६ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां टिपा खंडाच्या शेवटीं होत्या. पानें पुढें-मागें उलटण्याचा हा त्रास ह्यूम या तत्त्वज्ञानें निदर्शनास आणिला, आणि पुढील आवृत्तींत त्या टिपा पानाच्या तळाशीं आल्या.

याच परंपरेंत वाढलेला कॅप्टन जेम्स ग्रांट डफ इ. स. १८१८ पासून १८२२ पर्यंत सातारच्या दरबारीं इंग्रजांचा प्रतिनिधि होता. पेशवाई नुकतीच बुडालेली, सरकारी दप्तरें त्याच्या हातीं आलेलीं, आणि जुन्या घराण्यांतील माणसें हयात असलेलीं, अशा वेळीं त्यानें कागद जमविले. त्यांच्या बळावर त्याचा तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडन येथें निघाला. त्यानें तळटिपा दिल्या, आणि त्यांत आपण उपयोगांत आणलेल्या कित्येक हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविल्याचेंही नमूद केलें. परंतु पुढें मराठी अभ्यासक त्या नकलांचा शोध घेऊं लागले, तेव्हां त्या मिळेनात. त्या जाळल्या गेल्या अशीही वदंता उठली. वदंतेचें कांहींही असो. टीप होती, पण टीप जिकडे बोट दाखवीत होती ती वस्तु नव्हती. आधार दाखविला एवढ्यानें काम संपत नाहीं. तो दुसऱ्याला पाहावयास मिळाला पाहिजे, हा पहिला धडा येथें मिळाला.

ग्रांट डफच्या ग्रंथावर इ. स. १८६७ मध्यें नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें पुण्यांत टीकात्मक निबंध वाचला, आणि परक्याचा ग्रंथ म्हणजे अखेरचा शब्द नव्हे ही जाणीव सुशिक्षितांत उत्पन्न झाली. मात्र नुसत्या टीकेनें नवा इतिहास होत नाहीं. त्यास कागद लागतात. १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक निघालें व काशिनाथ नारायण साने यांनीं त्यांतून बखरी व पत्रें छापण्यास आरंभ केला. मिरजेस शिक्षकाचा पेशा करणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. १८९८ सालीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानपतच्या आधींच्या अकरा वर्षांतील पत्रें त्यांत छापून, विस्तृत प्रस्तावनेंत त्यांनीं ग्रांट डफ व बखरकार या दोघांनाही त्या पत्रांच्या कसोटीस लाविलें. या मालेचे पुढें बावीस खंड झाले. निष्कर्षाआधीं साधनें लोकांपुढें मांडावीं, हा मार्ग त्यांनीं घालून दिला. आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर त्या मार्गास कायमचें घर मिळालें.

या संग्रहांमुळें आधार देण्याची एक मराठी रीतही पडली. प्रत्येक पत्रास ‘लेखांक’ दिलेला असतो, आणि अभ्यासक पृष्ठापेक्षां लेखांकच सांगणें पसंत करतात. नव्या आवृत्तींत पृष्ठ बदलतें, लेखांक सहसा बदलत नाहीं. ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक’ एवढ्या एका ओळीनें वाचक थेट त्या पत्रापाशीं जाऊन पोंचतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले; तेही ‘पे. द.’ या दोन अक्षरांनीं ओळखले जातात.

मितीचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुन्या पत्रांत कोठें शक, कोठें सुहूर सन, तर कोठें नुसता चंद्र असून वर्षाचा पत्ताच नसतो. पानपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. तोच दिवस शके १६८२ पौष शुद्ध अष्टमीचा, आणि सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. सुहूर सन मृगापासून पालटत असल्यामुळें इसवी सन काढतांना कधीं ५९९ तर कधीं ६०० मिळवावे लागतात. म्हणून मूळ कागदांतील मिती जशीच्या तशी द्यावी व आपण काढलेली तारीख तिच्यापासून वेगळी दाखवावी. असें न केल्यास संपादकाचा तर्क पुढील पिढीस मूळ लेखकाचा शब्द म्हणून भासूं लागतो.

आधाराचें वजन न सांगतां नुसतें नांव सांगितलें तर काय होतें, हें शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवरून दिसून आलें. बखरींच्या भरंवशावर इ. स. १६२७ हें वर्ष दीर्घकाळ चालत आलें होतें. परंतु बखर म्हणजे कोणती बखर? कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस. उलट मल्हार रामराव चिटणीस यानें आपली बखर महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं रचिली. दोघांनाही ‘बखर’ हें एकच नांव दिलें म्हणून दोघांची साक्ष सारखी ठरत नाहीं. पुढें कारीच्या जेधे घराण्यांतील शकावली १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केली. तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस निघाला. महाराजांचा समकालीन कवि परमानंद याचें ‘शिवभारत’ १९२७ सालीं छापलें गेलें, आणि त्यांतही तीच तिथि आढळली. एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन साक्षीदार मिळाल्यानें पारडें फिरलें. तरीही वाद दीर्घकाळ चालला, आणि महाराष्ट्र शासनानें ही तारीख स्वीकारली ती २००१ सालीं. या वादाचा उलगडा आवेशानें झाला नाहीं. प्रत्येक पक्षाचे कागद छापलेले होते व कोणासही ते पडताळतां येत होते, म्हणून झाला.

आज विद्यापीठांत प्रबंध लिहिणाऱ्यांस ग्रंथकर्ता, ग्रंथनाम, प्रकाशनाचें वर्ष व पृष्ठ कोणत्या क्रमानें मांडावें, याचे बारीक नियम पाळावे लागतात. पुष्कळांस ते जाचक वाटतात. स्वल्पविराम कोठें द्यावा हें संकेतानें ठरतें, व संकेत बदलूंही शकतो. त्यामागील कर्तव्य मात्र बदलत नाहीं. दुसऱ्याचें तें दुसऱ्याच्या नांवावर मांडावें, स्वतः पाहिलेला कागद आणि दुसऱ्याच्या ग्रंथांत उद्धृत केलेला कागद यांतील भेद लपवूं नये, आणि आपलें म्हणणें खोडून काढण्याचें साधन आपणच वाचकाच्या हातीं द्यावें. जो लेखक असा पत्ता ठेवून जातो, त्याची चूक पुढच्या माणसास दुरुस्त करतां येते. जो ठेवीत नाहीं, त्याचें खरें बोलणेंही कालांतरानें वदंतेच्या रांगेंत जाऊन बसतें.