स्पायनल टॅप आणि त्याचे साक्षीदार

नाटकाविषयी वा चित्रपटाविषयी लोकांचे मत पहिल्या काही रात्रींतच कायम होते, असा समज सर्वत्र रूढ आहे; परंतु काही कृती अशा असतात की, त्या प्रसिद्ध होतात तेव्हा त्यांचा खरा प्रेक्षक चित्रपटगृहात आलेलाच नसतो, आणि तो येऊन आपली साक्ष देईपर्यंत त्या कृतीचे मोल ठरत नाही. रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेला आणि २ मार्च १९८४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘धिस इज स्पायनल टॅप’ हा विनोदी चित्रपट या जातीचा आहे. त्याच्याविषयीच्या लोकमताचा इतिहास म्हणजे वस्तुतः एका फिरत्या व्यवसायाला स्वतःची ओळख कशी पटली याचा इतिहास होय, आणि म्हणूनच तो सविस्तर सांगण्याजोगा आहे असे मला वाटते.

कथावस्तू साधी आहे. स्पायनल टॅप नावाचा, उतरती कळा लागलेला एक इंग्लिश रॉक वाद्यवृंद १९८२ साली आपल्या नव्या ध्वनिमुद्रिकेच्या प्रचारार्थ अमेरिकेच्या दौऱ्यावर येतो, आणि मार्टी डीबर्गी नावाचा एक श्रद्धाळू दिग्दर्शक त्या दौऱ्याचा माहितीपट तयार करतो. ठरलेले कार्यक्रम रद्द होतात, सभागृहे लहान होत जातात, चाहत्यांना सह्या देण्यासाठी दुकानात मांडलेल्या टेबलापाशी एकही मनुष्य फिरकत नाही, एका गावी तर रंगमंचाकडे जाणारी वाटच तळघराच्या बोळांतून सापडेनाशी होते. आणि अखेरीस एका करमणूक-उद्यानाच्या फलकावर वाद्यवृंदाचे नाव बाहुल्यांच्या खेळाखाली दुय्यम स्थानी झळकते. निजेल टफनेल, डेव्हिड सेंट हबिन्स आणि डेरेक स्मॉल्स या तीन वादकांच्या भूमिका अनुक्रमे क्रिस्टोफर गेस्ट, मायकेल मकीन आणि हॅरी शिअरर यांनी केल्या. डीबर्गी झाले स्वतः रायनर. गाणी या मंडळींनीच रचली आणि वादनही त्यांनीच केले. हे सारे कल्पित आहे, असे चित्रपट मात्र कोठेही सांगत नाही.

प्रदर्शनापूर्वी डॅलस शहरी चाचणीचा खेळ झाला, तेव्हा याचा परिणाम दिसून आला. रायनर यांनी अनेक मुलाखतींत सांगितलेली हकीकत अशी की, तेथील प्रेक्षक बुचकळ्यात पडून बाहेर आले, आणि ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा इतक्या सुमार वाद्यवृंदावर माहितीपट करण्यापेक्षा एखाद्या नामांकित वाद्यवृंदावर का केला नाही, असे विचारू लागले. या प्रेक्षकांस मंदबुद्धी ठरवणे अन्यायाचे होईल. १९६७ सालचा बॉब डिलनवरील ‘डोन्ट लुक बॅक’, १९७० चा ‘वुडस्टॉक’, १९७८ चा मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ अशा माहितीपटांनी त्या पिढीच्या डोळ्यांस एक वळण लावून दिले होते: खांद्यावरचा हलता कॅमेरा, पडद्यामागची कुजबुज, खोलीच्या कोपऱ्यात बसून दिलेली मुलाखत, ही सत्याची लक्षणे मानली जात. ती सर्व लक्षणे येथे यथासांग असल्यावर प्रेक्षकाने अविश्वास दाखवावा तरी कशाच्या आधारावर? शिवाय संवाद लिहिलेले नव्हते; प्रसंगाचा आराखडा तेवढा ठरवून नटांनी उत्स्फूर्तपणे बोलावे, अशी रीत होती. छायालेखक पीटर स्मोकलर यांना खऱ्या माहितीपटांचा अनुभव होता, आणि यात विनोद तो कोणता, असा प्रश्न त्यांना चित्रीकरणाच्या वेळी पडत असे, हे रायनर यांनीच नमूद केले आहे. हा प्रश्न मला समीक्षकांच्या पुष्कळशा पानांहून अधिक मोलाचा वाटतो, कारण त्या धंद्याच्या माणसाकडून मिळालेला तो पहिला अभिप्राय होता.

चित्रपटाच्या कल्पनेचे बीज १९७९ सालच्या दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात पडले होते. त्यात गेस्ट, मकीन आणि शिअरर हे तिघे एका गाण्यापुरते स्पायनल टॅप झाले, आणि चित्रीकरणाच्या खोळंब्यात वेळ घालवण्यासाठी त्याच पात्रांच्या आवाजात आपसांत बोलत राहिले. पुढे पटकथा लिहिण्यासाठी मिळालेल्या पैशांतून त्यांनी पटकथा न लिहिता सुमारे वीस मिनिटांचा नमुनापट तयार केला, आणि तो घेऊन ते हॉलिवूडमधील दारोदार हिंडले. अखेर नॉर्मन लिअर यांनी, ज्यांच्या लोकप्रिय मालिकेत रायनर यांनी अनेक वर्षे भूमिका केली होती, आपल्या एम्बसी कंपनीमार्फत द्रव्यसाहाय्य दिले. चित्रीकरण काही आठवड्यांत आटोपले. परंतु जमलेला ऐवज इतका प्रचंड होता की, त्यातून ब्याऐंशी मिनिटे निवडून काढण्यास फार मोठा काळ लागला.

वृत्तपत्रांनी चित्रपटाचे स्वागत केले. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्यास आपले सर्वोच्च चार तारे बहाल केले. तिकीटविक्रीने मात्र तशी साथ दिली नाही. अमेरिकेतील उत्पन्न पंचेचाळीस लाख डॉलरांच्या आसपास राहिले, म्हणजे चित्रपट बुडाला नाही, पण गाजलाही नाही. त्याचे भाग्य फिरले ते व्हिडिओ कॅसेटमुळे. ज्या गाडीतून खरे वाद्यवृंद एका गावाहून दुसऱ्या गावी रात्रभर प्रवास करीत, त्या गाडीत ही कॅसेट जाऊन बसली. आणि मी आरंभी ज्याचा निर्देश केला तो प्रेक्षक तेथे होता.

या प्रेक्षकाची साक्ष विलक्षण आहे. ब्लॅक सब्बाथचे गायक म्हणून ख्यातनाम झालेले ऑझी ऑसबोर्न यांना प्रथमदर्शनी हा खराच माहितीपट वाटला. एरोस्मिथचे स्टीव्हन टायलर यांना त्यात हसण्यासारखे काही आढळले नाही, असे त्यांच्याच सहकाऱ्याने सांगितले आहे. आणि १९८२ मधील त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर स्टोनहेंजच्या पाषाणांचे, म्हणजे चित्रपटातही थट्टेचा विषय झालेल्या प्राचीन शिळावर्तुळाचे, चित्र होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या अस्वस्थतेचे कारण उमगते. यू-टू या आयरिश वाद्यवृंदाचे गिटारवादक एज यांनी तर पुढे एका माहितीपटात कबुली दिली की, हा चित्रपट पहिल्यांदा पाहताना आपणांस हसू आले नाही, रडू आले, इतका तो सत्याच्या जवळ होता.

स्टोनहेंजचा प्रसंग या दृष्टीने मुळापासून पाहण्याजोगा आहे. चित्रपटातील टफनेल त्या प्राचीन शिळावर्तुळाचा देखावा रंगमंचासाठी करवून घेताना अठरा फुटांऐवजी अठरा इंच अशी खूण कागदावर करतो, आणि कार्यक्रमाच्या रात्री छतातून एक गुडघाभर उंचीची शिळा गंभीरपणे खाली उतरते. १९८३ साली ब्लॅक सब्बाथने आपल्या दौऱ्यासाठी खरोखरच स्टोनहेंजचा देखावा करवून घेतला. परंतु फुटांत दिलेली मापे मीटर समजली गेल्यामुळे, अशी त्यांच्या वादकांची हकीकत आहे, तो इतका अवाढव्य झाला की, बहुतेक रंगमंचांवर तो मावेना. चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाल्याने सब्बाथचीच ही थट्टा आहे, असे अनेक जण धरून चालले. वास्तविक तो प्रसंग त्यापूर्वी केलेल्या नमुनापटातच होता. कल्पनाकाराने जे रचले ते वास्तवाने, एकमेकांची वार्ता नसताना, करून दाखवले. ज्या व्यवसायात भव्यतेचा ध्यास असतो आणि मोजमाप मात्र घाईत कोणीतरी तिसराच करतो, तेथे हा अपघात आज ना उद्या होणारच होता. गायक टॉम पेटी आणि त्यांचे साथीदार रंगमंचाकडे जाताना वाट चुकल्याचे दृश्य त्या काळी चित्रित झाले होते, आणि शिअरर यांनी तर भूमिकेच्या तयारीसाठी सॅक्सन या इंग्लिश वाद्यवृंदाबरोबर काही काळ प्रवासही केला होता. म्हणजे हा विनोद हवेतून आलेला नाही; त्याचा प्रत्येक तपशील कोणाच्या ना कोणाच्या दप्तरी नोंदलेला आहे.

आपल्याकडील संगीत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांची, उतरत्या काळात गावोगाव हिंडलेल्या नटांची आणि चुकत्या हिशेबांची चरित्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांस एज यांचे हे रडू समजावून सांगावे लागणार नाही. कलावंताची फजिती दाखवणारा विनोद बहुधा वरच्या पायरीवरून केलेला असतो. येथे तो त्याच गाडीत बसून केलेला आहे. टफनेल आपल्या ध्वनिवर्धकाचे बटण दहाऐवजी अकरापर्यंत जाते, म्हणून तो इतरांहून मोठा वाजतो, हे निरागस अभिमानाने समजावतो, तेव्हा त्याच्या तर्कात चूक असली तरी त्याच्या श्रद्धेत खोट नसते. टफनेल आणि सेंट हबिन्स हे बालमित्र दुरावतात आणि पुन्हा एकत्र वाजवू लागतात, तेव्हा चित्रपट थट्टा बाजूला ठेवतो. माझ्या मते, लोकांनी हा चित्रपट पुनःपुन्हा पाहिला याचे कारण ‘अकरा’ नसून ही मैत्री आहे.

कल्पित वाद्यवृंद यानंतर कल्पित राहिला नाही. १९९२ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो प्रत्यक्ष वाजला. २००७ साली वेम्बली येथील ‘लाइव्ह अर्थ’ या भव्य कार्यक्रमातही त्याने भाग घेतला. २००१ च्या दौऱ्यातील एक गोष्ट प्रेक्षकमताच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावी. तेव्हा स्पायनल टॅपच्या आधी ‘द फोक्समेन’ नावाचे लोकगायकांचे एक त्रिकूट गाऊन जाई. हेही तेच तिघे होते, वेशांतर करून आलेले. आवडत्या वादकांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांपैकी कित्येकांनी त्यांना ओळखले नाही आणि ओरडून हुसकावले. ज्यांच्यासाठी तिकीट काढले त्यांनाच लोकांनी हाकलावे, यावरून टाळी माणसास मिळते की अंगावरच्या वेशास, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ध्वनिवर्धक बनवणाऱ्या मार्शल कंपनीने १९९० साली वीसपर्यंत आकडे असलेले यंत्र विक्रीस आणले आणि त्याच्या जाहिरातीत टफनेललाच उभे केले. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश केला. ही राजमान्यता योग्यच होती. पण त्याहून मला २००८ चा ‘अ‍ॅनव्हिल! द स्टोरी ऑफ अ‍ॅनव्हिल’ हा माहितीपट महत्त्वाचा वाटतो. टोरंटोचा हा वाद्यवृंद खरा, त्याची उपेक्षा खरी, त्याच्या ड्रमवादकाचे नाव रॉब रायनर हेही खरे; दोन पन्नाशीतले मित्र दिवसा मजुरी करून रात्री वाजवतात, दौऱ्यावर त्यांचे पैसे बुडतात, आणि शेवटी जपानमधील श्रोते त्यांना उचलून धरतात. १९८४ च्या चित्रपटाचा शेवटही जपानमध्येच होतो. हे साम्य पाहून अनेक प्रेक्षकांना ‘अ‍ॅनव्हिल’ हाही बनावट माहितीपट असावा अशी शंका आली. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना ते त्या दोघांविषयी आपुलकी घेऊन निघाले, आणि त्या आपुलकीची तयारी चोवीस वर्षे आधी स्पायनल टॅपने करून ठेवली होती, असे मी निःशंकपणे म्हणेन.

‘स्पायनल टॅप’च्या निर्मात्यांच्या पदरात मात्र फारसे पडले नाही. हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जात अखेरीस व्हिव्हेंडी या फ्रेंच कंपनीकडे पोहोचले. २०१६ साली शिअरर यांनी तिच्याविरुद्ध फिर्याद दाखल केली, आणि पुढील वर्षी गेस्ट, मकीन व रायनर तीत सामील झाले. फिर्यादीतील कथनानुसार १९८४ ते २००६ या काळातील वस्तुविक्रीपोटी चौघांचा वाटा एक्याऐंशी डॉलर, आणि १९८९ ते २००६ या काळातील संगीतापोटी अठ्ठ्याण्णव डॉलर दाखवण्यात आला होता. वादकांच्या फजितीवर बेतलेल्या चित्रपटाच्या कर्त्यांनी न्यायालयाची पायरी चढावी, हे क्लेशदायक होते. २०२० साली तडजोड होऊन हक्क त्यांच्याकडे परत येण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या चौघांनी दुसरा भाग पडद्यावर आणला.